कागदावरची गोणी

विलास, आपल्या अख्ख्या मार्केट यार्डात सिनेमाचा हिरो झालेला हमाल एकच, तो म्हणजे मी. सिनेमा चार मिनिटांचा आहे, माणसांचा नाही तर चित्रांचा आहे, आणि त्यात माझं तोंड एकदाही दिसत नाही.

तोंड का नाही, हे मी तुला तेव्हाच विचारलं होतं. तू पेन्सिल खाली न ठेवता म्हणालास, "तुझं तोंड दिसलं की लोक हसायला लागतात, सोपान. मला त्यांना चार मिनिटं गप्प बसवायचंय." मग मी टोळीत जाऊन सांगितलं, माझं तोंड काढणं भल्याभल्या आर्टिस्टला झेपत नाही. टोळी म्हणाली, आम्हाला ते बघणंसुद्धा झेपत नाही.

हे मी बोलतोय आणि आमची लेक अश्विनी उतरवून घेतेय. ती हिंजवडीला कॉम्प्युटरवर काम करते, त्यामुळं तिचा हात चालतो. मी तिसरीत दोनदा बसलो, तिसऱ्यांदा बसायला बाक उरला नव्हता, हे तुला माहीतच आहे. तुझ्या जुन्या स्टुडिओतली मंडळी तुझ्यावर एक छोटं पुस्तक काढतायत. त्यातल्या एका बाईंचा फोन आला. म्हणाल्या, "तुम्ही त्यांचे हिरो, तुमची दोन पानं हवीतच." मी म्हटलं, "पानं देतो, चुना तुम्ही लावा." बाई हसल्या नाहीत. तू असतास तर तूही हसला नसतास, पण तुझा डावा खांदा हलला असता. तुझं हसू तेवढंच असायचं. तो खांदा आता मी कुठं बघू?

खरं तर मला एक संधी मिळाली होती. तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी. वंदना झाली, मग एकेक जण उठून तुझ्याबद्दल दोन शब्द बोलायला लागला. तुझे साहेब बोलले, विहारातले काका बोलले, आणि कुणीतरी म्हणालं, सोपानराव, तुम्ही तर लहानपणापासूनचे. मी उठलो. पांढरा शर्ट घातला होता, अश्विनीच्या साखरपुड्यातला, पोटावर बटण लागत नव्हतं. छातीत एक गोष्ट तयार होती, वर्षानुवर्षं बाळगलेली. आणि तोंडातून निघालं काय? "विलास माझ्याआधी गेला. त्यात नवीन काही नाही. शाळेतही तो पुढं गेला आणि मी मागंच राहिलो." सगळे हसले. रडत होत्या त्या बायकासुद्धा. मी खाली बसलो. गोष्ट आतच राहिली.

ती आता सांगतो. पण क्रमानं सांगू दे, मधूनच धरलं की मी भरकटतो.

आपली गल्ली एक, शाळा एक, बाक एक. तुझ्या वहीत अक्षरं असायची, माझी वही कोरी. म्हणून तू माझी वही घ्यायचास. तिच्या कोपऱ्यात, एकेका पानावर, तू गणिताचे गुरुजी काढलेस. पानं अंगठ्यानं सोडली की गुरुजींची छडी वर जायची, खाली यायची, आणि शेवटच्या पानांवर गुरुजी स्वतःचाच हात चोळायचे. तो तुझा पहिला सिनेमा. गुरुजींनी वही पकडली. वहीवर नाव माझं. मला छड्या बसल्या, आणि देवाशपथ सांगतो, मारून झाल्यावर गुरुजींनी हात चोळला. अगदी तू काढला होतास तस्साच. मी मार खाता खाता हसलो, म्हणून आणखी खाल्ला. तू उभा राहून "वही त्याची, पण चित्रं माझी" म्हणालास, तोवर माझे दोन्ही तळवे सुजले होते. खरं बोलायला तू कायम तयार, फक्त जरा उशीर व्हायचा. मला तेवढंही जमलं नाही.

पुढं मी यार्डात कांदा-बटाट्याच्या टोळीत हमालीला लागलो आणि तू चित्रकलेचा डिप्लोमा केलास. मग ते देशाचे दरवाजे उघडले म्हणतात, ते झालं. घरोघरी केबल आली, पत्र्याच्या घरावरसुद्धा छत्री लागली. एक दिवस तू सांगत आलास की परदेशातली कार्टुनं आता पुण्यात बनणार आहेत आणि तुला नोकरी लागली. मी यार्डभर पेढे वाटले आणि मग विचारलं, तू नेमकं काढणार काय?

"मधलं," तू म्हणालास.

म्हणजे असं, की तिकडचा मोठा आर्टिस्ट एक चित्र पाठवणार. टाय घातलेला पाणघोडा, भुवई खाली. मग दुसरं पाठवणार, भुवई वर. मधली सहा चित्रं तू काढायची.

"म्हणजे हमालीच की," मी म्हणालो. "इथून उचल, तिथं ठेव."

मला वाटलं तू चिडशील. तू विचार करून म्हणालास, "बरोबर आहे. पण उचलल्यापासून ठेवेपर्यंत जे होतं ना, सोपान, सगळं तेच असतं."

त्या पाणघोड्याची भुवई तू तीन वर्षं उचललीस.

शनिवारी यार्ड बंद, आणि परदेशी कामामुळं तुलाही सुट्टी. तुझ्या बाहेरच्या खोलीत तो डब्यासारखा कॉम्प्युटर, आणि कुठून कुठून मिळवलेल्या सीडी. सगळे चित्रांचेच सिनेमे. बघायला तू, मंगलवहिनी, मी आणि माझी कांता. पोरांना तू बाहेर खेळायला पाठवायचास. पहिल्यांदा कांता म्हणाली, "अवं भावजी, कार्टून हाय आन् पोरांना भायेर काढताय? आन् ह्या घोड्याला आत बसवताय?" घोडा म्हणजे मी. ती लोणी काळभोरची, तिकडं नवऱ्याला असंच लाडानं बोलतात, असं मी धरून चालतो.

तिथून आपलं भांडण सुरू झालं ते शेवटपर्यंत मिटलं नाही. मी म्हणायचो, कार्टून म्हणजे पोरानं चार घास जास्त खावेत म्हणून लावायची गोष्ट. मोठ्यांनी बघायचं तर हाडामांसाचा माणूस हवा, मारामारी हवी, एखादी नाचणारी बाई हवी. तू आवाज न चढवता म्हणायचास, "हाडामांसाचा नट श्वास घेतो, कारण नाही घेतला तर मरेल. माझा माणूस कागदाचा. त्याचा एकेक श्वास कुणीतरी बसून, ठरवून, खोडून, परत काढून त्याला दिलेला असतो. एवढ्या मेहनतीनं दिलेला श्वास पोराटोरांचा कसा काय होतो?" मी म्हणायचो, "एवढं बसून बसून तुला मूळव्याध होईल." वहिनी उठून चहा टाकायला जायच्या.

एका शनिवारी तू कोळशानं काढलेला एक सिनेमा लावलास. कुठल्या देशाचा कुणास ठाऊक, त्यात कुणी बोलतच नव्हतं. एक माणूस आपल्या म्हाताऱ्या बापाला चमच्यानं सूप भरवतोय. पण दर चमच्याला बाप थोडा लहान होतो. आधी खुर्चीत, मग खुर्चीत उशा रचून, मग टेबलावरच बसवलेला. मी हसत होतो. बाप वाटीएवढा झाला तेव्हा तर मी मांडीवर थाप मारली. मग तो मुलगा चमचा बाजूला ठेवतो आणि बोटाच्या टोकानं एक थेंब बापाच्या ओठाला लावतो. आणि बाप पुसला जातो. कोळसा काही पूर्ण पुसला जात नाही, टेबलावर एक काळपट डाग राहतो. मुलगा त्या डागासमोर वाटी धरून बसून राहतो.

माझा हात मांडीवरच राहिला. माझा बाप सहा महिने अंथरुणावर होता, विलास. पेज मीच भरवायचो. शेवटी शेवटी त्याला कूस बदलायला उचलायचो तेव्हा हाताला काही लागायचंच नाही. साठ किलोची गोणी उचलणारा मी, आणि बापाला उचलताना दचकायचो, एवढा हलका. हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. आणि तिकडं सात समुद्रापलीकडं कुणीतरी ते काढून ठेवलं होतं.

तू माझ्याकडं बघितलंस. मी डोळे पुसत म्हणालो, "हाताला कांद्याचा वास आहे, डोळ्याला लागला."

कांता म्हणाली, "आज यार्ड बंद हाय."

तू उठलास. सीडी काढून पाकिटात घातलीस. भांडण मी हरलो, हे त्या दिवशी कबूल करायला काय हरकत होती? पुढच्या शनिवारी आल्या आल्या मी काय म्हणालो माहीत आहे ना? "आज काहीतरी हसवणारं लाव, गेल्या वेळचं सूप पांचट होतं."

मग स्टुडिओत कागदाचं खातंच बंद झालं. सगळं कॉम्प्युटरवर. तुला एका मोठ्या आयटी कंपनीत काम मिळालं. आग लागली तर लिफ्ट वापरू नका, जिन्यानं उतरा, असली चित्रं काढायची. मी म्हणालो, "चला, हजारो माणसं तुझं काम बघणार." तू म्हणालास, "आग लागली तर."

तेव्हाच तू ठरवलंस, घरी बसून, कागदावर, स्वतःचा सिनेमा करायचा. एक हमाल, एक गोणी, गाळ्यापासून गल्लीच्या टोकापर्यंत. बस्स. "मला गोणीला वजन द्यायचंय," तू म्हणालास. "कागदाला वजन नाही, रेघेला नाही. तरी बघणाऱ्याच्या खांद्याला ते लागलं पाहिजे." आणि त्याकरता तुला मी हवा होतो.

अश्विनी म्हणतेय, बाबा, आता मुद्द्यावर या. येतो.

तू कुणाचा तरी व्हिडिओ कॅमेरा मागून आणलास, त्याच्या महिनाभर आधीच माझी कंबर गेली होती. सकाळी चपलेत पाय घालताना डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. कांताला सांगितलं नव्हतं. टोळीत तर नाहीच नाही. कंबर गेलेल्या हमालाचं ओझं बाकीच्यांनी किती दिवस उचलायचं? मुकादमाला कळलं असतं तर टोळीतली जागा गेली असती, आणि मला दुसरं येत काय होतं? मी आपला विनोद करत, हलकी कामं हेरत, दिवस ढकलत होतो. आणि तू म्हणालास, भरलेली गोणी उचल, चाल, ठेव. परत उचल. दहा-बारा वेळा.

नाही म्हणता आलं असतं. पण हिरो नाही कसा म्हणेल? म्हणून आदल्या दिवशी मी एक गोणी भरली. आत कांद्याची सुकी फोलपटं दाबून दाबून, कडेनं आणि वरून खरे कांदे. व्यापारी चांगला माल वर मांडतात, तशी. दिसायला साठ किलो, उचलायला उशी. आणि मग काय काम केलं मी, विलास! दात खाल्ले, मान फुगवली, "आई गं" म्हणालो, एकदा तर मुद्दाम गुडघा लचकवला. शेजारच्या गाळ्यातल्या म्हाताऱ्या व्यापाऱ्यानं टाळ्या वाजवल्या. तू कॅमेऱ्यातून डोळा काढून म्हणालास, "सोपान, तू जन्मजात नट आहेस."

आणि मी मान डोलावली.

मग तू काढायला बसलास. एका सेकंदाला बारा चित्रं. ऑफिस सांभाळून, काचेखाली दिवा लावून, एका कागदावर दुसरा कागद. दोन-तीन महिन्यांनी यार्डात आलास, चेहरा उतरलेला. आमच्या गाळ्यामागं पाण्याचा हौद आहे, त्याच्या कडेला बसलास. म्हणालास, "वजन येत नाही रे. गोणी कागदावर तरंगते. माझ्या हातातच खोट आहे."

तेव्हाच सांगायचं. मी म्हणालो, "कागद जाड घे."

पुढच्या महिन्यात परत आलास. "वजन येत नाही." मी म्हणालो, "गोणीवर लिहून टाक साठ किलो. लोकांना वाचता येतं, सगळेच काय माझ्यासारखे असतात?" त्याच्या पुढच्या महिन्यात परत. येऊन हौदाच्या कडेला बसायचास, तेवढंच वाक्य म्हणायचास, आणि माझ्याकडं बघत थांबायचास. मला थांबलेला माणूस सहन होत नाही. मला लगेच मध्ये काहीतरी टाकावं लागतं. टाकलं. वर्षभर टाकत राहिलो. तू वर्षभर येत राहिलास. तू गेलास की मी त्याच हौदात तोंड धुवायचो आणि ठरवायचो, पुढच्या वेळी नक्की. माझ्या फोलपटांपायी एक चांगला हात स्वतःला खोटा समजायला लागलाय, हे मला कळत होतं. तेवढी अक्कल होती. नुसती अक्कल असून काय उपयोग, हे तुला मी सांगायला नको.

मग एकदा तू म्हणालास, "मान धरलीय, डॉक्टरकडं सोबत चल." आत गेल्यावर सहज म्हणालास, "डॉक्टर, माझं राहू दे, आधी ह्या पैलवानाची कंबर बघा. रोज ओझी उचलतो." डॉक्टरांनी मला आडवं करून पाय वर उचलला आणि मी असा ओरडलो की बाहेर बसलेले दोन पेशंट घरी गेले. तुझी मान बघायची राहूनच गेली. मला वाटलं, काय नशीब बघा, मान ह्याची आणि निदान माझं. हमाली सुटली. तूच शब्द टाकून तुझ्या कंपनीच्या गेटवर मला बसायचं काम लावलंस. तिथं युनिफॉर्मवर टाय. पहिल्या दिवशी तू मला खालपासून वरपर्यंत बघितलंस आणि म्हणालास, "भुवई उचल."

त्या गेटवरचे दिवस मला सगळ्यात जास्त आठवतात. आत जायच्या आधी तू पाच मिनिटं माझ्या खुर्चीशेजारी उभा राहायचास. समोरून पोरं-पोरी यायची, गळ्यात पट्टे, पाठीवर बॅगा. तू म्हणायचास, "त्या निळ्या शर्टवाल्याला बघ. आज काहीतरी जड आहे."

"लॅपटॉप," मी म्हणायचो.

"लॅपटॉप रोज असतो. आज ह्याला साहेबांनी बोलावलंय."

आणि खरंच, दुपारी तो निळा शर्ट हातात खोकं घेऊन बाहेर यायचा. मी शाळेत काही शिकलो नाही, विलास, पण माणूस चालताना कुठं वाकतो हे बघायला तू मला शिकवलंस. आता मी एकटाच बघतो. काल एक मुलगी गेली, रिकाम्या हातानं, पण अशी चालत होती की दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या असाव्यात. मी शेजारी वळून बोलायला गेलो. शेजारी अग्निशामक बाटली होती.

गेटवर आल्यापासून तू वजनाचं नाव काढलं नाहीस. मला वाटलं, जमलं असेल. विचारायची छाती झाली नाही.

पुढं आणखी तीन वर्षं लागली. तू सिनेमा एका कॉलेजच्या हॉलमध्ये दाखवलास. जुन्या टोळीतले दहा जण इस्त्रीचे कपडे घालून आले होते. दिवे गेले आणि माझी पाठ आली. काय पाठ होती! हमाल गोणी उचलतो, गल्लीतून चालतो, लोक बाजूला होतात. गल्लीच्या टोकाला तो गोणी ठेवतो, कमरेवर हात ठेवून उभा राहतो. वारा येतो. आणि खाली ठेवलेली ती गोणी वाऱ्यानं वीतभर सरकते. हमाल उभाच. मग परत, पहिल्यासारखाच, सगळं अंग आवळून ती उचलतो आणि चालायला लागतो. संपला सिनेमा.

हॉल आधी हसला. मग एकदम गप्प झाला. पुढच्या रांगेतल्या एका सुटाबुटातल्या माणसानं मान खाली घातली.

"अवं, गोणी सरकली की," कांता म्हणाली.

"गप," मी म्हणालो. "त्याचा हात चुकलाय."

भरलेली गोणी कधी वाऱ्यानं सरकते का? एवढ्या लोकांसमोर तुझी चूक उघडी पडली आणि ती माझ्यापायी, असंच मला वाटलं. लोक गप्प झाले ते तुझी लाज राखायला, असंही वाटलं.

बाहेर चहाला तू माझ्याजवळ आलास. "कसा वाटला?"

"पाठ झकास आलीय."

"आणखी काही?"

"आणखी काय? चहात साखर कमी आहे."

तुझा खांदा हलला नाही. तू चष्मा काढलास आणि शर्टाच्या टोकानं पुसत राहिलास. बराच वेळ. काच स्वच्छच होती.

त्यानंतर तो सिनेमा कुठं कुठं फिरून आला. तुझे केस पिकले, माझे गेले. दर भेटीत मी ठरवायचो, पुढच्या वेळी. मग एका साध्या मंगळवारी तू गेलास, आणि सगळी "पुढची वेळ" माझ्याकडंच पडून राहिली.

गेल्या शनिवारी मी तुझ्या घरी गेलो. वहिनी तुझे कागद खोक्यांत भरत होत्या. तीस वर्षं बँकेच्या काउंटरवर बसलेली बाई, शब्दसुद्धा मोजून देते. मी पाणी प्यायलो, आणि आयुष्यात पहिल्यांदा विनोद न करता तोंड उघडलं.

"वहिनी, सिनेमाला मी जी गोणी उचलली ना, ती खरी नव्हती. आत फोलपटं होती. कंबर गेली होती माझी. मी विलासला सांगितलं नाही, म्हणून त्याचा सिनेमा बिघडला."

वहिनींनी खोक्यावर चिकटपट्टी ओढली, दातानं तोडली. "माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"फोलपटं. ह्यांना पहिल्या दोन-तीन महिन्यांतच कळलं. एकेक चित्र थांबवून बघायचे ना. एकदा मला हाक मारून म्हणाले, मंगल, सोपानच्या पायाची बोटं बघ. खरं ओझं घेतलं की बोटं जमिनीवर पसरतात. वर एवढं नाटक चाललंय, पण बोटं जागच्या जागी. मग म्हणाले, ह्याची कंबर गेलेली दिसतेय."

मला डॉक्टर आठवले. तुझी ती धरलेली मान आठवली.

"मग पुढं वर्षभर माझ्याकडं येऊन वजन येत नाही, वजन येत नाही, हे का?"

"तुम्ही सांगाल म्हणून. घरी आले की म्हणायचे, आजही नाही बोलला."

मी खाली बघितलं. मग विचारलं, "आणि ती गोणी सरकते ते?"

"तोच सिनेमा आहे, भावजी. बाकी सगळं तिथवर न्यायला काढलंय."

त्यांनी कॉम्प्युटर लावून दिला आणि चहा टाकायला आत गेल्या. मी एकटाच बसलो. ह्या वेळी पाठ बघितली नाही, पाय बघितले. उचलताना, चालताना, ठेवताना, त्या हमालाची बोटं कुठंच पसरत नाहीत. गोणी सरकते तेव्हा तो मान एवढीशी वळवतो, कुणी बघितलं का म्हणून. इतकी वर्षं मला वाटायचं, तो दम खातोय. मग तो ती हलकी गोणी परत उचलतो. आणि तेव्हा, विलास, फक्त तेव्हा त्याची बोटं जमिनीवर पसरतात. दाही. गोणीत काही नाही हे आता सगळ्यांना कळलेलं असतं, आणि तेव्हाच ती जड होते. माझ्या खांद्याला लागली ती. खुर्चीत बसल्या बसल्या लागली.

पोरानं बघितलं तर ते सरकणाऱ्या गोणीला हसेल. हसू दे. रिकामी गोणी भरलेली म्हणून का वाहायची असते, ते कळायला आधी कंबर जावी लागते, जागा जाईल ही भीती पोटात घेऊन चार माणसांत हसावं लागतं. पोरांचा नाहीच तो सिनेमा. भांडण तू जिंकलास. हे मला तुझ्यासमोर म्हणायचं होतं, एखाद्या शनिवारी, कांता आणि वहिनींच्या देखत. वर्षभर तू माझ्या लाजेजवळ बसलास आणि तिला एक रेघही वाकडी लावली नाहीस. एवढं जपून मला कुणी बघितलं नव्हतं. बापानं नाही, कांतानं नाही, आरशानं तर नाहीच.

एकदा ये, गड्या. यार्डात तो हौद अजून आहे. त्याच्या कडेला बस आणि म्हण, वजन येत नाही. मी कागद जाड घे म्हणणार नाही. मी काहीच म्हणणार नाही, तू थांबशील तेवढा वेळ मीही थांबेन, आणि मग सांगेन.

वहिनी चहा घेऊन बाहेर आल्या तेव्हा सिनेमा चौथ्यांदा संपत होता. मी चेहरा पुसला. कांद्याचं नाव काढलं नाही.

"वहिनी," मी म्हणालो, "सगळं ठाऊक होतं, तर त्यानं एकदा सरळ विचारायचं होतं मला. मी काय परका होतो?"

वहिनींनी कप माझ्या हातात दिला.

"भावजी, तुम्ही कधी कुणाला बोलू दिलंत का?"